चाकातलं गवत

टायर बसला की ते आधी कमरेला कळतं. मागचं चाक आपल्या मनाने डावी-उजवीकडे जायला लागतं, हॅन्डल जड होतं, आणि इंजिनाच्या आवाजाखालून दुसराच एक आवाज येतो. ओल्या चपला घालून कुणी आपल्या मागे मागे चालत यावं, तसा. आशागड मागे टाकून मी तलासरीकडे जाणारा आतला रस्ता धरला होता. चढ सुरू होतो तिथेच ती ओली पावलं ऐकू आली. उतरून पाहिलं, तर मागचा टायर रिमखाली पसरला होता, सावलीत बसलेल्या म्हशीसारखा निवांत.

गाडी म्हणजे बाबांची जुनी फटफटी. टाकीवरचा रंग मधोमध उडालेला आहे, कारण लहानपणी मी तिथे बसायचे. दोन्ही बाजूंना जाड कॅनव्हासच्या पिशव्या. डाव्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता, आणि तो आजच, उजेड असेपर्यंत, सोनकीमावशीच्या पाड्यावर पोचायला हवा होता.

कारण सभा उद्या होती. आमच्या धाकट्या डहाणूच्या किनाऱ्यावर. समुद्रात भराव घालायचं चाललंय, आणि भराव पडला की मासळी जाणार, एवढं आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. डोंगरातले पाडे सभेला येणार असं ठरलं होतं. ते आले तर आम्ही मोजण्यासारखे दिसणार, नाही आले तर चार होड्यावाल्यांची कुरकुर म्हणून सरकारी साहेब गाडीतून खालीसुद्धा उतरणार नाही. आणि काल संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर निरोप फिरायला लागला: सभा रद्द, कुणी येऊ नये. खाली नाव आमच्याच संघटनेचं. आम्ही पाठवलाच नव्हता. आम्ही खुलासा पाठवला, तर त्याच्या मागोमाग आणखी एक आला: तो खुलासा खोटा आहे.

मी घरभर येरझाऱ्या घालत होते. बाबा खाटेवर गुडघ्यांना तेल चोळत बसले होते.

"कागद छाप," ते म्हणाले. "छाप, आणि सोनकीच्या हातात दे."

"बाबा, फोनचा जमाना आहे."

"म्हणून तर म्हणतो."

मी छापून आणला. तर त्यांनी तो गठ्ठा गोणपाटात बांधून माळ्यावर, सुक्या बोंबलांच्या टोपलीशेजारी ठेवायला लावला. मला चीड आली. मी म्हटलं, "लोक हसतील आता. लोक लिहिलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवतात."

"ठेवतात ना," बाबा म्हणाले, "म्हणूनच फसतात."

हे सगळं आठवत मी गाडी ढकलत होते. एका बाजूला चिकूची वाडी, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा कारखान्याची भिंत, संपता संपत नव्हती. भिंतीवर काचा. ही भिंत माझ्या लहानपणी नव्हती. तिच्या जागी गवत होतं, माणूस बुडेल एवढं, दिवाळीच्या सुमाराला सोन्यासारखं होणारं, आणि वारा आला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट जायची. मी समुद्राकाठची मुलगी. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बाबांना विचारलं होतं, इथे भरती कधी येते?

वळणावर आंब्याच्या फांदीला एक टायर टांगलेला दिसला. पंक्चरवाल्याची हीच पाटी. पाटीवर अक्षर लागत नाही, हेही तेव्हाच मनात आलं आणि राग आला. बाबांचं म्हणणं रस्तासुद्धा शाबीत करायला निघाला होता.

"या बेन," दुकानातला माणूस म्हणाला. डहाणूच्या पलीकडचा, बोलण्यात गुजरातीची गोडी. "खिळा की काटा?"

"माहीत नाही."

"गाडीला माहीत हाय. खोलूया, ती बोलेल."

त्याने चाक उतरवलं, लोखंडी पट्ट्यांनी टायरची कड उचकटली आणि आतून ट्यूब ओढून काढली. काळी, मऊ, पावडर लागलेली. हवा भरून त्याने ती अर्ध्या कापलेल्या पिंपातल्या पाण्यात बुडवली आणि हळूहळू फिरवायला लागला. मी नकळत पुढे वाकले. पाण्यात मोत्यांची एक बारीक माळ सुटली.

"ही बघा," मीच आधी ओरडले.

तो हसला. "बेनना शौक हाय."

शौक कसला, आमच्या घरी पंक्चर म्हणजे सण असायचा. बाबा गाडी अंगणात आडवी करायचे. आई मासळी धुवायचं घमेलं नाराजीने पुढे सरकवायची. "खवले चिकटलेत त्याला, आधी घासून घे. नाहीतर तुझी फटफटी पण वास मारेल." त्या घमेल्याभोवती सगळी आळी जमायची. ट्यूब पाण्यात फिरायची आणि आम्ही पोरं श्वास रोखून बसायचो, कारण बुडबुडा ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने भोकावर बोट ठेवायचं, असा नियम होता. बोटाखाली ती हवा मी अनुभवली आहे. इतकी बारीक, की ती आहे असं फक्त कातडीला कळतं. बंदिस्त हवा बाहेर पडायला किती जोर करते! हे मला शाळेत कुणी शिकवण्याआधी ट्यूबने शिकवलं. मग बाबा भोकात काडी खोचायचे, कानशीने रबर खरवडायचे, आणि सोल्युशनची पिवळी ट्यूब उघडायचे. तो वास! डोक्यात चढणारा, गोडसर, दुसऱ्या कुठल्यातरी गावचा वास. आई ओरडायची, "पोरीला कसले वास लावतोयस!"

आणि आईच्या अंगाला स्वतःला बोंबलाचा वास. आमच्या घरामागे बांबूंचे मांडव होते. त्यावर दोऱ्यांना आई बोंबील वाळत घालायची, दोन-दोन, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. वारा आला की ते सगळे मिळून हलायचे. पहाटे, सूर्य वर यायच्या आत, ते काचेसारखे असायचे. त्यांच्यातून पलीकडची खाडी दिसायची. दुपारपर्यंत आकसून पिवळे. मला वाटायचं, आई रोज सकाळी उजेड वाळत घालते आणि संध्याकाळी गोळा करून आणते.

बाबा डहाणूत एका छापखान्यात अक्षरं जुळवायचे. संघटनेची पत्रकं तेच जुळवायचे, तेच छापायचे, आणि सुट्टीच्या दिवशी फटफटीवरून पाड्यापाड्यांवर तेच वाटायचे. माझ्या हातात बाराखडीच्या आधी पत्रकं आली. मी 'अननस' वाचायच्या आधी 'अन्याय' वाचला. रविवारी बाबा छापखान्यातून फुकट गेलेले कागद आणायचे आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी चित्रं काढायचे. माझ्या घरांच्या, माडांच्या, होड्यांच्या आरपार दुसऱ्या बाजूची अक्षरं उलटी दिसायची. आजही कुणी नुसतं सुंदर काही लिहिलं की मी कागद उलटून पाहते, मागे काय छापलंय म्हणून.

खाडीकाठच्या घरात कागद टिकत नाही. दमट हवेने कडा वळतात, शाई पसरते. घरात एकच जागा कोरडी होती, चुलीवरचा माळा, आणि तिथे सुके बोंबील असायचे. त्यामुळे ओल्या शाईची पत्रकं रात्रभर बोंबलांशेजारी झोपायची. सकाळी एकाच पिशवीत दोन्ही निघायची. बोंबील आईने डोंगरातल्या मैत्रिणींसाठी दिलेले. आमच्या पत्रकांना वास यायचा. बाबांचे सोबती चेष्टा करायचे. "क्रांती येईल तेव्हा मांजरं पुढे असतील!" बाबा फक्त हसायचे.

सोनकीमावशी त्या मैत्रिणींपैकी एक. तलासरीच्या अलीकडे, रस्ता सोडून आत, तिचा पाडा. तिथलं सगळं जगणं गवतावर. दिवाळीच्या सुमाराला कापणी, मग गवत दाबून गासड्या बांधायच्या, त्या ट्रकमध्ये भरायच्या. माळ एका मालकाचा, कापणारे हात पाड्याचे. मी टाकीवर बसायचे त्या काळात एका वर्षी पाड्याने ठरवलं होतं, मजुरीचा नवा दर कबूल होईपर्यंत एकही गासडी ट्रकमध्ये चढणार नाही. गंजीवर गंजी रचून लोक बसून होते. बाबांचं पत्रक जायचं: धीर धरा. पुन्हा जायचं: धीर धरा.

ऐन दिवाळीत एसटीच्या कंडक्टरबरोबर मावशीचा निरोप आला. पाड्यावर कागद फिरतोय. तडजोड झाली, ट्रक भरा, असं त्यात लिहिलंय. खाली संघटनेचं नाव आहे. भाऊबीजेच्या दुपारी ट्रक येणार. खरा कागद घेऊन ये. तू येईपर्यंत मी ट्रक अडवून धरते.

बाबांनी सणाच्या दिवशी छापखान्याची किल्ली मागून आणली, पत्रक छापलं, माळ्यावर सुकत ठेवलं. आणि भाऊबीजेच्या सकाळी अंगणात फटफटी बसलेली. सोल्युशनची ट्यूब पिळून पाहिली, तर वाळून खडा झालेली. नाक्यावरचं दुकान बंद, दुकानदार बहिणीकडे.

तेव्हा दामूकाका पुढे आला. बाबांचा मोठा भाऊ, होडीवाला, सणाची टोपी घालून ओवाळून घ्यायला बसलेला.

"काय झालं? भोक? आण इकडे."

"दामू, ती होडी नाय."

"पाणी आत येऊ द्यायचं नाय, ती होडी. हवा बाहेर जाऊ द्यायची नाय, ती फटफटी. भोक ते भोकच. माझ्या हातची होडी बुडालीय कधी?"

होडीच्या फळ्यांच्या फटीत कापसाची वात ठोकतात आणि वरून राळ नि तेलाचा गरम लेप देतात. काकाने तेच केलं. जुन्या रबराचा तुकडा राळेत बुडवून भोकावर चिकटवला, भोवती कापूस, वर पुन्हा लेप. ट्यूब घमेल्यात फिरवली. एक बुडबुडा नाही. काका टोपी नीट करत म्हणाला, "लिहून घे. समुद्राची राळ हाय. तुझी गाडी मोडेल, पण हे नाय सुटायचं." आळीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी टाकीवर बसले. बाबांनी किक मारली.

काकाची एकच गोष्ट चुकली. त्याची होडी कायम थंड पाण्यात राहिलेली होती. दुपारच्या डांबरी रस्त्यावर पळणारं चाक किती तापतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार? आणि आम्हालाही सुचलं नाही, कारण आम्ही सगळेच त्या पाण्यातले. चढावर राळ पाघळली आणि ट्यूबने मोठा सुस्कारा सोडला. बाबांनी टायर खोलला, तर आतून देवळासारखा सुगंध. राळ आणि तापलेलं रबर आणि बोंबील. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना ते गवत, उन्हात चुरचुरणारं. बाबा रस्त्यात बसले. त्यांनी पिशवीवर हात ठेवला होता. मला दिसत होतं: मावशी ट्रकपुढे उभी आहे, आणि हा माणूस इथे बसला आहे.

गवत हललं आणि बायका बाहेर आल्या. आधी विळे दिसले, मग डोक्यावरचे भारे, मग चेहरे. कुठल्यातरी दुसऱ्या पाड्याच्या होत्या, आपल्या गुरांसाठी चारा कापत होत्या.

"काय झाला रं?" पुढची म्हातारी म्हणाली.

बाबांनी सांगितलं. कागद सांगितला, ट्रक सांगितले, सोनकीचं नाव सांगितलं.

"सोनकी? ती माझे भावाची सून." म्हातारीने टायरच्या पोटात हात घालून चाचपलं. "आत काय असतं?"

"हवा."

"हवा!" ती एवढी हसली की भारा पडला. सगळ्याच हसायला लागल्या. "हवेवर कवा कोण पोचलाय? गवत भर."

तिने उत्तराची वाट पाहिलीच नाही. भारा बांधायला जसा गवताचा दोर वळतात तसा तिने वळायला घेतला. एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं तळहातांमध्ये. बाकीच्या तिच्याभोवती बसल्या. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या गोष्टींत ती गोष्ट अजून सर्वांत वर आहे. तळहात एकमेकांवर घासल्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज, आणि मोकळं, विस्कटलेलं, वाऱ्याचं गवत बघता बघता मनगटाएवढा जाड दोर होऊन त्यांच्या मांडीवरून खाली उतरत होतं. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. एकीचा दोर संपायचा तिथे दुसरीचा आपोआप जोडला जायचा. तो रिमभोवती गुंडाळला, मग पोकळीत गवताच्या मुठी ठोसल्या, विळ्याच्या दांड्याने ठोकठोकून. बाबांना काम उरलं ते एवढंच, पट्ट्यांनी टायरची कड आत बसवायची. बसेना. तेव्हा म्हातारी टायरवर उभी राहिली आणि नाचल्यासारखी पाय आपटत राहिली, आणि कड बसली.

एक तरुण बाई घाबरून म्हणाली, "पर गवत मालकाचं हाय ना. मुठभर नेला तरी वरडतो."

"वरडू दे," म्हातारी म्हणाली. "सांग त्याला, तुझा गवत तुलाच भेटाया गेला!"

मी पुढे पुष्कळ भाषणं ऐकली, पुष्कळ पत्रकं लिहिली. त्या वाक्याच्या जवळपास जाणारं काही मला अजून लिहिता आलेलं नाही.

गाडी चालली! हळू, हत्तीसारखी डोलत, पण चालली. हवेवर चालणारी गाडी रस्त्यावरून पळते, गवतावर चालणारी रस्त्याशी बोलते. प्रत्येक फेऱ्याला खालून चुर्र, चुर्र. टायर आणि रिममधून काड्या बाहेर आल्या होत्या, चाकाला मिशा फुटल्यासारख्या. थोड्या वेळाने खालून भाजल्या गवताचा वास यायला लागला, गरम, गोड, सकाळच्या भाकरीसारखा. वाटेतल्या ओढ्यावर बाबांनी चाकावर ओंजळीने पाणी मारलं. वाफ आली. मी टाकीवरून, बाबांच्या काखेखालून, मागे वाकून ते चाक बघत होते आणि मला भीती वाटत नव्हती. मला खरंच वाटलं होतं की आता आम्हाला काहीही थांबवू शकत नाही.

पाड्यावर ट्रक आलेले होते. पहिल्या ट्रकचा मागचा फाळका उघडा, आणि त्या उघड्या फाळक्यावर सोनकीमावशी पाय खाली सोडून बसलेली. लोक भोवती गोळा. काही पुरुषांच्या पाठीवर गासड्या होत्या. ना खाली टाकत होते, ना वर चढवत होते. मालकाचा माणूस ओरडत होता, "कागद वाच ना! लिहिलंय ना त्यात!" आणि लिहिलं होतंच. वाचता येणाऱ्यांनी वाचलं होतं, आणि त्यांचाच गोंधळ जास्त होता.

फटफटी आत शिरली तेव्हा आधी पोरं हसली, मग सगळा पाडा हसला. बाबांनी गठ्ठा सोडून पहिला कागद मावशीच्या हातात दिला. मालकाचा माणूस लगेच म्हणाला, "हा खोटा. नाव तेच आहे, शाई तीच आहे, कुठलाही छापून आणेल."

तोही खरंच बोलत होता. दोन्ही कागदांवर तेच नाव, तीच ठाशीव अक्षरं.

मावशीने कागद नाकाला लावला. डोळे मिटले. मग शेजारच्याच्या हातातला आधीचा कागद घेतला, तोही नाकाला लावला, आणि तोंड वाकडं केलं.

"याला नुसती शाई येते," ती म्हणाली. "आनी याला बोंबील. आमचा कागद समुद्रावरनं येतो. हा घे, हुंग."

तिने तो पुढे दिला. पुढच्याने हुंगला, त्याने पुढच्याला दिला. सगळा पाडा, म्हातारे, पोरांना कडेवर घेतलेल्या बायका, पाठीवर गासडी घेतलेले ते पुरुष, एक एक जण तो कागद नाकाला लावत होता. कुणी हसत नव्हतं आता. एवढी शांतता, की ट्रकच्या तापलेल्या इंजिनाची टकटक ऐकू येत होती. आणि मग धप्प आवाज झाला. पहिली गासडी जमिनीवर पडली. मग दुसरी. मग मोजता येणार नाहीत इतक्या.

ट्रक रिकामे गेले.

"झाला बेन," पंक्चरवाला म्हणाला. त्याने चाक बसवलं, मशीनने हवा भरली, टायरवर थाप मारली. मशीनचा फर्रर्र आवाज थांबल्यावर मला समोरची भिंत पुन्हा दिसायला लागली. मी त्याला विचारलं, "गवत भरून कधी चाक चालवलंय?"

"गवत?" त्याने भिंतीकडे हात केला. "आणू कुठून?"

ऊन कलायला लागलं होतं तेव्हा मी पाड्यावर पोचले. सोनकीमावशी ओट्यावर बसली होती, डोळ्यांवर मोतीबिंदूची साय. तिची सून पुढे आली, हातात फोन. "ताई, सभा रद्द ना? सगळे पाड्यांना आलाय. आमी टेम्पोवाल्याला नको सांगितला."

"रद्द नाही. हे बघ, पत्रक आणलंय."

तिने वाचलं. मग फोन वाचला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत मला तोच जुना गोंधळ दिसला. दोन्ही ठिकाणी अक्षरं. दोन्हीखाली नाव तेच. आणि मी तिच्यासाठी हेल्मेट घातलेली कुणीतरी डहाणूची बाई. मी बोलायला तोंड उघडलं. मला बोलता चांगलं येतं, सभेत टाळ्या पडतात. तेवढ्यात सोनकीमावशीने हात पुढे केला.

"आण."

तिने कागद नाकाला लावला. किती वेळ कुणास ठाऊक. आणि तिचा चेहरा सुरकुत्या मोडत, हळूहळू उघडला.

"बोंबील," ती म्हणाली. "तू छापखानेवाल्याची पोर. टाकीवर बसायचीस ती."

"हो मावशी."

"बाबूस कसा हाय?"

"गुडघे गेले त्यांचे. गाडी मीच चालवते. वाटेत पंक्चर झाली."

"मंग गवत भरला?"

"नाही. दुकान होतं."

"दुकान!" ती अशी म्हणाली की मला माझीच लाज वाटावी, आणि मग हसली.

सुनेने कागद सासूच्या हातून घेतला. आजूबाजूला पाहिलं, जरा संकोचली, मग तिनेही हुंगला. मग फोन तोंडाशी धरला आणि सगळ्या पाड्यांच्या ग्रुपवर आवाज भरून पाठवला: "ऐका. सभा हाय. आजीने कागद हुंगलाय."

मिनिटाभरात फोन टुणटुणायला लागला. हाय का. बरा. निघतो. टेम्पो सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर उभी होते. बाबा खुर्चीवर, गुडघ्यांवर पंचा. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडलेल्या. आईने रोजच्यासारखे बोंबील वाळत घातले होते, आणि कोवळ्या उन्हात ते काचेसारखे हलत होते. रस्त्याकडून आधी आवाज आला, मग धूळ, मग टेम्पो. एकामागून एक. दामूकाका टोपी काढून नुसता बघत राहिला.

सोनकीमावशीला सुनेने धरून उतरवलं. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि आता पाहण्याइतके डोळे राहिले नव्हते. मी तिला व्यासपीठाकडे न्यायला पुढे झाले, पण तिने माझा हात सोडवला. नाक वर केलं. आणि वाळूतून, कुणालाही न विचारता, ती सरळ आईच्या मांडवाकडे चालत गेली. हात वर करून तिने एक बोंबील बोटांनी चाचपला.

"हां," ती म्हणाली. "हाच."

मग तिने कमरेला खोचलेलं काहीतरी काढलं आणि "छापखानेवाला कुठं हाय?" असं विचारत बाबांच्या खुर्चीपर्यंत आली. गवताचा दोर होता तो, ताजा, पिवळा, वेटोळं केलेला.

"गाडीत ठेव," तिने बाबांना सांगितलं. "दुकान बंद असतं कवा कवा."

बाबांनी दोन्ही हातांनी तो घेतला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि डोळे मिटून घेतले.